देवपूरचं घर आणि मी लिहिलेला कागद

नाना,

तुमच्या देवपूरच्या घराच्या जागी सात मजली इमारत होणार आहे आणि त्यासाठी माझी सही हवी आहे. पंधरा वर्षांपूर्वी त्याच घराच्या बैठकीत तुम्ही माझी एक सही घेतली होती. ती चालत नाही, असं वकिलाचं म्हणणं आहे. महत्त्वाचं आधी लिहायचं ही सवय मला नोकरीने लावली, म्हणून हे आधी सांगितलं. बाकीचं सावकाश लिहिते. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, त्यामुळे घाई तुम्हाला नाही, आणि या एका मजकुरापुरती मलाही नाही.

घर पहिल्यांदा मी पाहिलं ते माझ्याच आलेखवहीच्या मधल्या पानावर. आपण जुन्या गावातल्या, नुसत्या नंबराने ओळखल्या जाणाऱ्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आहोत. आई स्टोव्हवर खिचडी टाकते आहे, भाऊ तिचा पदर धरून रडतो आहे आणि तुम्ही पान फाडून घेऊन पेन्सिलीने घर काढता आहात. शाळांतल्या शिक्षक-कारकुनांच्या सोसायटीने पांझरा नदीपलीकडे एक शेत घेतलं होतं, प्लॉट पाडले होते आणि चिठ्ठीत तुम्हाला कोपऱ्याचा प्लॉट लागला होता. आदल्या रविवारी तुम्ही मला सायकलवर बसवून तो दाखवून आणलात. तिथे अजून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या होत्या आणि चार दगडांना चुना फासलेला होता. तुम्ही त्या चार दगडांच्या मध्ये चप्पल काढून उभे राहिलात. एका चौकोनाला एक फूट धरून आता तुम्ही सांगता आहात, "हा ओटा. ही बैठक. हे स्वयंपाकघर. ही पाहुण्यांची खोली. ही तुझ्या भावाची, अभ्यासाला पूर्वेची खिडकी." भाऊ तेव्हा तीन वर्षांचा होता, त्याला अभ्यास नव्हता. मी विचारलं, "माझी कुठली?" तुम्ही पेन्सिल न उचलता म्हणालात, "तुझी खोली तुझ्या घरी. तो नकाशा दुसरा कोणी काढेल." आई स्टोव्हपाशी बसूनच म्हणाली, "नऊ वरीसनी शे ती, आतेच धाडी देतस का तिले?" तुम्ही दोघं हसलात. मग माझा चेहरा पाहिला असावा, कारण तुम्ही मागच्या अंगणात एक गोल काढलात आणि म्हणालात, "हा निंब. आखाजीला याच्यावर झोका बांधू. हा तुझा." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी खूश झाले. आपल्याला वर्षातले दोन दिवस दिले गेलेत हे नऊ वर्षांच्या मुलीला कसं कळणार?

घराला पाणी मी मारलं, हे तुम्ही नंतर कधी कोणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. शाळेच्या आधी आपण दोघं सायकलवर पूल ओलांडून जायचो. तुम्ही हातपंप मारायचे आणि मी बादलीतून डब्याने भिंती भिजवायची. स्लॅब टाकल्यावर तिच्यावर मातीचे वाफे केले होते, शेतातल्यासारखे. त्यांत पाणी भरून ठेवायचं असायचं. उन्हाळा होता, दुपारपर्यंत ते आटून जायचं, म्हणून शाळा सुटल्यावर पुन्हा एक फेरी. मिस्त्री तुम्हाला म्हणाला होता, "क्लार्कसाहेब, या पोरीमुळे तुमच्या भिंतीला तडा जायचा नाही." तुम्ही म्हणालात, "मुलगी कोणाची आहे?" त्या एका वाक्यावर मी उरलेले सगळे दिवस बादल्या उचलल्या. ओट्याच्या पायऱ्यांचा कोबा ओला होता तेव्हा मी खिळ्याने कोपऱ्यात माझं नाव लिहिलं, बारीक अक्षरात. तुम्ही पाहिलंत, मिस्त्रीकडून थापी घेतलीत आणि ते स्वतः पुसलंत. रागावला नाहीत. म्हणालात, "पायरीवर नाव नको, बेटा. लोकांचे पाय लागतील." मला ते पटलं. नाना, तुमच्याकडे प्रत्येक नकाराला एक चांगलं कारण असायचं. तुम्ही ओरडणारे असता तर माझं काम सोपं झालं असतं.

लग्न होऊन मी जळगावला आले, पेपरात लागले, आणि काही वर्षांनी घरांचं साप्ताहिक पान माझ्याकडे आलं. ते अजून माझ्याकडेच आहे. लोकांना कसं घर हवं असतं, हे मी इतकी वर्षं आठवड्याच्या आठवड्याला लिहीत आले आहे. संपादक बदलले, सूचना तीच राहिली: "तीनशे शब्द, चारपर्यंत." सुरुवातीला वाचकांची पत्रं यायची. हौद किती खोल असावा, संडास घराला लागून बांधला तर चालेल का, धाब्याच्या घरात जन्म गेलेल्या वडिलांना स्लॅबखाली उकडतं त्याला उपाय काय. तेव्हा स्वप्न म्हणजे गावाबाहेर स्वतःचा प्लॉट, चार बाजूंनी मोकळी जागा आणि गच्चीवर वाळवण. वैशाखात अख्खं घर गच्चीवर झोपायचं, त्यामुळे गच्ची ही खोलीच होती. मग संगमरवर आला. गेटच्या खांबांवर सिमेंटचे सिंह बसले. चोपड्याकडचे केळीवाले, जामनेरकडचे कापूसवाले मुलांच्या शाळेसाठी शहराच्या कडेला रो-हाउस घेऊ लागले. त्या वसाहतींच्या नावात पार्क आणि विहार असायचं, पण झाड नसायचं. मग प्लॉट नकोच झाले. कोण झाडणार, कोण राखणार? फ्लॅट आले, लिफ्ट आली, वॉचमन आला. आता माझ्याकडे जे मजकूर येतात त्यांत योगा डेक असतो आणि प्रवेशद्वारावर कारंजं असतं, जळगावात, जिथे नळाला रोज पाणी नसतं. आधी लोक विचारायचे, पाहुणे आले तर झोपतील कुठे. आता विचारतात, पाहुण्यांची गाडी आत घेतात का.

या सगळ्या वर्षांत मी शेकडो नकाशे छापले. तुमच्या आलेखवहीपासून आजच्या रंगीत पत्रकापर्यंत सगळं बदललं, चूल गेली, ओटा गेला, अंगण गेलं. देवघर भिंतीतल्या कोनाड्याएवढं झालं. एकाही नकाशात लग्न झालेल्या मुलीची खोली मला दिसली नाही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, धंदाच तो माझा. पण मी त्यावर कधी एक ओळ लिहिली नाही. जे वर्षानुवर्षं तसंच असतं त्याची बातमी होत नाही.

आखाजीला मी यायची. पाहुण्यांच्या खोलीत माझी बॅग असायची, डाळीच्या कोठ्या आणि पापडांचे डबे यांच्या मध्ये. मुलगी तान्ही होती त्या वर्षी देवपुरात असा उन्हाळा होता की भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. भाऊ पुण्याला शिकायला गेला होता आणि त्याच्या खोलीत कूलर होता. आई ती खोली रोज झाडायची आणि परत कडी लावायची. मी विचारलं, "नाना, बाळाला घेऊन त्या खोलीत झोपू का?" तुम्ही पेपर खाली न घेता म्हणालात, "त्याचं सामान आहे गं. कशाला हलवायचं? कूलर इकडे आणून देतो ना." आणि खरंच, साठीच्या वयात तुम्ही तो लोखंडी कूलर ओढत आणलात. खिडकी लहान होती, कूलर बसला नाही. तो दाराशी ठेवला, दमट हवा खोलीत कोंडली आणि बाळाच्या अंगावर घामोळं उठलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्यासाठी पावडर आणलीत. खोली उघडली नाहीत. मी त्या वेळी लोकांना सांगत होते, माझे वडील बघा, नातीसाठी कूलर ओढत आणला.

आता त्या कागदाबद्दल. ती तुमची शेवटची आखाजी होती, पण ते आपल्याला तेव्हा माहीत नव्हतं. सकाळी पितरांसाठी आजोबांच्या नावाची घागर भरून झाली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. मागच्या अंगणात चूल पेटवून आईने खापरावर पुरणाचे मांडे केले. भरपूर आमरस खाऊन झाला. मी आडवी होणार तेवढ्यात तुम्ही बैठकीत हाक मारलीत. टेबलावर स्टँप पेपर होता आणि शेजारी कोरी फुलस्केप.

"बस. एक मजकूर करायचाय."

"कसला?"

"घराचा. मागे कटकट नको. तू हक्क सोडलास असं लिहायचं, म्हणजे पुढे तुम्हा भावंडांत काही वाजणार नाही. घर त्याचं, माहेर तुझं. काय?"

तुम्ही फुलस्केप माझ्याकडे सरकवलंत.

"मला ती भाषा जमत नाही. ऑफिसातली पत्रं वेगळी. तू पेपरात लिहितेस, तूच लिही. कच्चं कर, मग त्याच्यावर उतरव."

नाना, मी ते लिहिलं. वीस मिनिटांत लिहिलं. पहिल्या मसुद्यात एक वाक्य लांब झालं होतं, ते तोडून मी त्याची दोन केली. "स्वखुशीने" हा शब्द माझा. "कोणाच्याही दबावाशिवाय" हेही माझं, अशा कागदांत ते असतं हे मला माहीत होतं. तुम्ही चष्मा लावून वाचलंत आणि म्हणालात, "छान. एक काना-मात्रा चुकलेली नाही." मला बरं वाटलं. हे मी आज लिहिते आहे तरी मला त्याची शरम वाटते, की मला बरं वाटलं होतं. सही झाल्यावर आईने आतून साडी आणली, मोरपंखी, काठ चांगले होते. ती साडी कशाची हे आम्ही दोघी बोललो नाही. जळगावला आल्यावर मी ऑफिसात सांगितलं की वडिलांनी आखाजीची साडी दिली. पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. वारस म्हणून उताऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तीन नावं लागली. भाऊ पुण्यात, त्याला वेळ नव्हता, आणि कागद आहेच म्हणून ती तीन नावं तशीच राहिली.

मध्यंतरी आई पुण्याला त्याच्याकडे गेली, चौदाव्या मजल्यावर. देवपूरच्या घराला कुलूप लागलं. मग आखाजी फोनवर होऊ लागली. गेल्या महिन्यात भावाचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात पेपरचं पान लावत होते.

"अक्का, एक छोटंसं काम आहे. बिल्डरशी बोलणं झालंय देवपूरचं. फक्त तो तुझा कागद चालत नाही म्हणतोय वकील. परत एकदा सही करायची, रजिस्ट्रारसमोर. मी गाडी पाठवतो."

"का चालत नाही?"

"नाना जिवंत होते ना तेव्हा. बाप जिवंत असताना त्याच्या घरावर पोरांचा हक्कच नसतो म्हणे. मग नसलेला सोडणार कसा?" तो हसला. "जन्मभर हेडक्लार्की केली आणि एवढं माहीत नव्हतं नानांना."

"मजकूर माझा होता," मी म्हणाले.

"मग दोघांचंही चुकलं," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. तो वाईट नाही, नाना. त्याला जे न मागता मिळालं ते त्याने घेतलं, एवढंच.

फोन ठेवल्यावर मात्र मी पान तसंच सोडून बसून राहिले. घर तुम्ही स्वतःच्या कमाईने बांधलं होतं. तुम्हाला हवं तसं एक मृत्युपत्र केलं असतं तर सगळं झालं असतं, मला विचारायचंही कारण नव्हतं. दोन साक्षीदार, एक पान. हे तुमच्यासारख्या माणसाला माहीत नसेल असं मला आधी वाटलं. मग वाटलं, माहीत असावं. पण मृत्युपत्रात तुम्हाला स्वतःच्या अक्षरात लिहावं लागलं असतं की मुलीला काही देत नाही. ते तुमच्या हातून झालं नसतं. म्हणून ते माझ्याकडून लिहून घेतलंत, माझ्या भाषेत, आणि वर शुद्धलेखनाचं कौतुक केलंत. तुमच्या स्वभावात कठोरपणा नव्हता असं सगळे म्हणतात. खरं आहे. ते काम तुम्ही दुसऱ्यांना द्यायचे.

भावाने नकाशा पाठवला होता. मी तो सवयीने वाचला, हवा कुठून येते, मोरीची भिंत कोणाला लागून आहे. प्रत्येक मजल्यावर दोन फ्लॅट. मास्टर बेडरूम, किड्स बेडरूम, पॅरेंट्स बेडरूम. निंबाच्या जागी गाड्या लावण्याची पट्टी. आपल्या वाट्याला दोन फ्लॅट येणार, दोन्ही त्याच्या नावावर, असं बोलणं झालेलं. मी दोन दिवसांनी फोन केला.

"हक्कसोड करत नाही मी. बिल्डरच्या करारावर मालक म्हणून सही करते, आई, तू आणि मी. दोनातला एक फ्लॅट आईच्या आणि माझ्या नावाने."

मग तो म्हणाला, "भाऊजींनी सांगितलं का असं?"

"त्यांना मी अजून सांगितलेलं नाही."

"तुला काय करायचाय गं तो? जळगावला तुझं घर आहे. देवपुरात जाऊन राहणार आहेस?"

"नाही."

"मग?"

समोरच्या नकाशात निंब होता त्या जागी मी पेन्सिलीने एक गोल काढला. तो म्हणाला, "ठीक आहे. पण मग यापुढे आखाजीला माहेरची पाहुणी म्हणून आमच्याकडे येऊ नकोस." मी म्हणाले, "आजवर दुसरी कशी आले होते?"

संध्याकाळी आईचा फोन. ती गॅलरीतून बोलत होती, वाऱ्याचा आवाज येत होता. तिथे तिला काय कमी आहे विचारलं की ती नेहमी म्हणते, "बठ्ठं शे आठे," सगळं आहे इथे, आणि लगेच दुसरा विषय काढते. त्या दिवशी ती थेट म्हणाली, "सही करी टाक, माय. घरनं काय? भाऊ तुटी जाई."

"आई, देवपूरच्या घरात तुझी खोली कोणती होती?"

ती विचार करत राहिली. खरंच विचार करत होती. मग म्हणाली, "सैपाकनी." आणि थोड्या वेळाने, तक्रार नाही, नुसतं आठवल्यासारखं, "तठे पंखाबी नै व्हता."

मी माझं म्हणणं बदललं नाही. सोमवारी रजिस्ट्रारकडे जायचं आहे. भाऊ येणार आहे, आईला घेऊन. त्याने गाडी पाठवण्याचं पुन्हा काढलं नाही, मी एस.टी.ने जाईन. माहेर राहील की नाही हे मला माहीत नाही. राहणार नाही असं वाटतं. तुम्ही म्हणाला होतात, घर त्याचं, माहेर तुझं. मी आता घरातला वाटा मागितला आहे, तेव्हा दुसरं जाणार. या हिशोबात कुठेतरी लबाडी आहे हे मला तेव्हाही कळायला हवं होतं, तुम्हाला फक्त एवढं विचारायचं होतं, की घर नसेल तर माहेर कुठे ठेवू?

हे पत्र कोणाला दाखवायचं नाही. पानात तर जाणार नाहीच. पण एक गोष्ट राहिली आहे. वकिलाला माझ्या राहत्या पत्त्याचा पुरावा हवा होता, म्हणून मी आमच्या जळगावच्या फ्लॅटची फाइल काढली. त्यात सोसायटीचा वारस नेमण्याचा फॉर्म सापडला. माझ्या अक्षरात, सुवाच्य, खाडाखोड नाही. नेमलेल्या व्यक्तीच्या रकान्यात माझ्या मुलाचं नाव आहे, आणि टक्क्यांच्या रकान्यात शंभर. मुलीचं नाव नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी समोर बसून लिहून घेतलं नव्हतं. ऑफिसला जाता जाता उभ्या-उभ्या भरून दिला असणार, दोन मिनिटांत. मुलगी आता नाशिकला असते. तिला मी हे सांगितलेलं नाही. नवा फॉर्म सोसायटीच्या ऑफिसात मिळतो. ते सकाळी दहा ते बारा उघडं असतं, आमच्या लिफ्टला लागूनच आहे. आज तेरा दिवस झाले, मी रोज त्याच्यासमोरून कामाला जाते.